दिवाळीला दोन वर्षांचा भाचा येतोय, घरात दोन मांजरं आहेत. काय तयारी करू?

अबोली

नमस्कार मंडळी. दिवाळीला माझी नणंद तिच्या मुलाला घेऊन इंदूरहून आमच्याकडे नाशिकला येते आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी येतील, भाऊबीज करून जातील. भाचा नुकताच दोन वर्षांचा झालाय. आमच्या घरात दोन मांजरं आहेत आणि या भेटीच्या काळजीने सध्या माझी झोप उडाली आहे.

काजळ ही काळीभोर मांजरी, चार वर्षांची. पार्किंगमध्ये सापडली तेव्हा तीनेक महिन्यांची असावी, म्हणजे बरीच मोठी. आम्हा दोघांची तिला सवय झाली, बाकी कुणाची नाही. बेल वाजली की माळ्यावर. सिलेंडरवाला येऊन गेला तरी तासभर खाली उतरत नाही.

भोपळ्या हा नारंगी-पांढरा बोका, ऑपरेशन झालेला, अंगाने भरलेला. तो ओळखीच्या एका घरात जन्मला, तिथल्या मुलांच्या गराड्यातच मोठा झाला. त्याला कुणीही उचलावं, उलटा धरावा, कुशीत घ्यावा. वायरमन आला तर त्याच्या पिशवीत जाऊन बसतो.

भाचा मागच्या वेळी आला तेव्हा रांगतही नव्हता. आता पळतो. व्हिडिओ कॉलवर भोपळ्या दिसला की "माऊ! माऊ!" करत फोनवर चापट्या मारतो. नणंद कौतुकाने म्हणते, "वहिनी, याला माऊचं इतकं वेड आहे ना, तिथे आल्यावर तो तिला सोडायचाच नाही." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

सासूबाई म्हणतात, तेवढे दिवस मांजरं बोर्डिंगला ठेवा. नवरा म्हणतो, बाहेरच्या बाथरूममध्ये ठेवू. मला दोन्ही पटत नाही. त्यात फटाके. टू बीएचके फ्लॅट आहे, तिसरा मजला, बाल्कनीला जाळी आहे. भाच्याला ओरखडा येऊ नये आणि मांजरांचा छळ होऊ नये, एवढंच मला हवंय. ज्यांच्याकडे लहान मुलं पाहुणी येतात त्यांनी कृपया सांगा, तुमची मांजरं कशी वागतात आणि तुम्ही काय करता?

खाडीकिनारा (ठाणे)

आधी दवाखान्याच्या गोष्टी, कारण त्यांना वेळ लागतो.

दोघांची रेबीजची लस चालू आहे का, कार्ड काढून बघा. पहिली साधारण तिसऱ्या महिन्यात आणि मग दर वर्षी. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही ती हवीच. जंताचं औषध देऊन तीन महिने उलटले असतील तर तेही उरकून घ्या. अंगावर पिसवा आहेत का तपासा. ओरखड्यातून माणसाला जो ताप येतो, त्याचे जंतू एका मांजराकडून दुसऱ्याकडे पिसवांमुळेच जातात. नखं पाहुणे यायच्या दोन-तीन दिवस आधी कापा, नुसती टोकं, आतला गुलाबी भाग सोडून. ज्या दिवशी पाहुणे येणार त्याच सकाळी मांजराला धरून नखं कापू नका, ते चिडलेलं असतानाच मूल समोर येतं.

एवढं करून ओरखडा आलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. दोन वर्षांचं मूल इतका वेळ नळाखाली उभं राहत नाही, त्याला दुसऱ्या हातात पाण्याचा मग द्या, पाण्याशी खेळू द्या, पण वेळ पूर्ण करा. हळद, चुना, तिखट, यांतलं काहीही लावायचं नाही. त्यानंतर डॉक्टर. मांजराला लस दिली आहे म्हणून घरी बसू नका. रक्त न आलेला ओरखडासुद्धा दाखवायचा असतो, आणि रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. चावा हा ओरखड्याहून वाईट. मांजराचे सुळे बारीक आणि लांब असतात. बाहेरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत राहतात. दुसऱ्या दिवशी बोट सुजलेलं दिसतं.

बाथरूममध्ये ठेवण्याला माझा साफ विरोध आहे. पाहुणे असलेल्या घरात बाथरूमचं दार दिवसातून पन्नासदा उघडतं, आणि प्रत्येक वेळी ते दोन वर्षांचं मूलच उघडेल.

मंगळवार_पेठ (कोल्हापूर)

अबोली, माझी सगळी नोकरी बालवाडीत पोरं सांभाळण्यात गेली, आणि आमच्या घरात मांजर नाही असं मला कधी आठवतच नाही. आत्ता तीन आहेत. बाळी नावाची भाटी, तिचा लेक गेंद्या आणि म्हातारी मनी. नात पुण्याहून सुट्टीला येते, आता ती साडेतीन वर्षांची आहे. त्यामुळे तुझी काळजी मला दोन्ही अंगांनी कळते.

आधी दोन वर्षांच्या मुलाचा हात कसा असतो ते सांगते. या वयात मुठीत धरणं पक्कं झालेलं असतं, अलगद सोडणं अजून जमत नसतं. केस, कान, शेपूट, जे हाताला लागेल त्यावर मूठ वळते. आपण "सोड, सोड" म्हणून ओरडलो की ती जास्तच आवळते, कारण मूल दचकतं. गोंजारणं त्याच्या लेखी थोपटणं असतं आणि थोपटण्यात जोर किती लावायचा हे अजून उमगलेलं नसतं. यात दुष्टपणा अजिबात नाही. आमच्या बालवाडीत सगळ्यांची लाडकी असायची त्याच बाहुलीचे हात आधी निखळायचे. तेव्हा भाच्याला माऊ फार आवडते, म्हणून तो माऊला जपेल, असं कुणीही धरून चालू नये.

आता मांजराच्या बाजूने बघ. नवं माणूस आलं की मांजर लांबूनच वास घेतं, आवाज ऐकतं, आपल्याला निसटायला वाट कुठे आहे ते पाहून ठेवतं, आणि मग वाटलं तर पुढे येतं. मोठी माणसं एका जागी बसून गप्पा मारतात, म्हणून त्याला हे सगळं सवडीने करता येतं. मूल सरळ अंगावर चालून येतं, तेही दोन्ही हात पुढे करून. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला क्लॉडिया मेर्टेन्स आणि डेनिस टर्नर यांनी अनोळखी माणूस आणि मांजर यांच्या पहिल्या भेटी मुद्दाम घडवून पाहिल्या होत्या, १९८८ सालचं काम आहे. त्यातही हेच दिसलं की मुलं मांजराकडे झपाट्याने आणि थेट जातात. टर्नर यांचं पुढचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: मांजराने आपणहून सुरू केलेली भेट जास्त वेळ टिकते, माणसाने सुरू केलेली लवकर संपते. आवाजाचंही तसंच. उंदरांची अगदी बारीक चिवचिव टिपणारे ते कान. आपल्याला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला ६० च्याही वरचं. मूल आनंदाने किंचाळलं तरी त्याला तो हल्लाच वाटतो.

आमच्या तिघांच्या तीन तऱ्हा आहेत. नात उंबऱ्यात चप्पल काढते तोवर बाळी माडीवरून कौलांवर पोचलेली असते. रात्री पोर झोपली की खाली येते आणि तिच्या चपला, पिशवी, दोरीवरचा फ्रॉक, एकेक करून हुंगते. भेट घ्यायची ही तिची पद्धत. पुढे तीन-चार दिवसांनी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघते. त्याहून खाली ती कधी आली नाही आणि आम्ही तिला बोलावलंही नाही.

गेंद्या नातीच्या मागे मागे असतो, पण मधे एक खोलीभर अंतर ठेवून. ती वळली की हा तिथेच बसतो आणि घाईघाईने पंजा चाटायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, किती निवांत आहे. तो निवांत नसतो. पुढे जावं की पळावं ठरत नसलं की मांजर असं मधेच अंग चाटतं.

मनी जागची हलत नाही. नात शेजारी जाऊन बसली तरी डोळे मिटून पडून राहते. माझं लक्ष सगळ्यात जास्त तिच्यावर असतं.

तयारीचं म्हणशील तर तुमची झोपायची खोली मांजरांची करून टाक. खाणं, पाणी, वाळूचा ट्रे, एक-दोन आडवे खोके, सगळं तिथे, आणि हे आत्तापासूनच कर. पाहुणे आल्यावर जागा बदललीस तर त्यांना दोन धक्के बसतील. त्या खोलीत भाच्याने जायचंच नाही, हा नियम नणंदेला फोनवर आधीच सांग. माळ्याची वाट मोकळी ठेव, खाली स्टूल लावून ठेव म्हणजे काजळला घाईत उडी मारावी लागणार नाही. खोक्याला हलकं समजू नकोस. नेदरलँड्समधल्या बेघर प्राण्यांच्या एका निवाऱ्यात २०१४ मध्ये पाहिलं होतं, नव्या आलेल्या मांजरांना लपायला खोका दिला तर त्यांचा ताण लवकर उतरला.

ट्रे मुलाच्या हाती लागता कामा नये. वाळू दिसली की मूल हात घालणारच, मुलं वाळूत खेळतातच. बाहेर एखादी वाटी ठेवायची असेल तर ती ओट्यावर किंवा वॉशिंग मशीनवर ठेव. खाणाऱ्या मांजराला मुलाने हात लावायचा नाही, झोपलेल्याला नाही, ट्रेमध्ये बसलेल्याला नाही. एवढे तीन नियम घरातल्या मोठ्यांना पाठ हवेत. मुलाला ते समजायचं वय नाही.

आणि भेटवायचं कसं? भाच्याला मांडी घालून खाली बसव, तू मागे बस, तो तुझ्या मांडीत. खाऊचा एकच दाणा त्याच्या हातात दे आणि लांब टाकायला सांग. या वयात मुलांना वस्तू टाकायला फार आवडतं, ते त्यांना नीट जमतंही. मांजर येऊन दाणा खाईल किंवा खाणार नाही. आलं, तर दुसरा दाणा. एकेकच दे, मूठभर दिलेस तर तो स्वतःच खाईल. "माऊकडे आपण जायचं नाही, माऊ येते," हे वाक्य रोज तेच, त्याच शब्दांत. मुलं अशी वाक्यं लवकर उचलतात. भोपळ्या अगदी जवळ आलाच तर भाच्याचा हात तुझ्या हातात धरून उघड्या पंजाने फक्त गालावर, कानापुढे फिरव. शेपटीच्या मुळाशी नको, पोटाला तर नकोच नको. मांजर पोट वर करून लोळलं म्हणजे ते हात लावायला बोलावत नाही. आणि दोन-चार मिनिटांत, सगळं छान चाललेलं असतानाच, थांबव.

अबोली

काकू, किती बारकाईने लिहिलंत. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, बोर्डिंगचा विषय तरी संपला. खाडीकिनारा, भोपळ्याची लस गेल्या महिन्यात संपली होती, उद्याच नेते.

दोन गोष्टी अजून विचारते. काजळ दिवसभर खालीच आली नाही तर तिचं खाणं-पिणं कसं? आणि भोपळ्याबद्दल मला फारशी भीती नाही. तो कुणालाच काही करत नाही, त्यामुळे भाच्याला त्याच्याशी मनसोक्त खेळू द्यावं, म्हणजे काजळकडे तो वळणार नाही, असा विचार करत होते. बरोबर आहे ना?

मुळाकाठ (पुणे)

काकू भोपळ्याबद्दल सांगतीलच. मी एका वेगळ्या गोष्टीसाठी लिहितोय, कारण बोका आहे आणि ऑपरेशन झालेला, वजनदार आहे.

ताणामुळे मांजरांना मूत्राशयाचा त्रास होतो आणि बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असल्यामुळे ती तुंबू शकते. आमच्याकडे लग्नाचे पाहुणे असताना बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसत होता. सगळे म्हणाले, बद्धकोष्ठ झालंय. बायकोने वाळू तपासली तर ती कोरडी होती. त्याच रात्री दवाखान्यात नेला, नळी घालून मोकळं केलं, वाचला. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्यामुळे पाहुणे असताना वाळूतले ओले गोळे रोज तुम्ही स्वतः बघा, हे काम दुसऱ्यावर टाकू नका. सारखं बसणं, ओरडणं, तिथलं अंग चाटत राहणं, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

आणखी काही, पटापट. दिवाळीत दार सारखं उघडं असतं, पणत्या, रांगोळी, फराळाची ताटं. घाबरलेलं मांजर जिन्याने एकदा खाली गेलं आणि तेवढ्यात लवंगी फुटली की ते सापडणं कठीण. जाळीच्या कडा आणि कोपरे हाताने ओढून बघा. पाहुण्यांनी आणलेल्या फुलांत लिली असेल तर ती घरात घेऊच नका, तिचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. आणि मुलाच्या तापाचं सिरप! पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं असतं. सांडलेलं, चमच्याला लागलेलं, कुठेही ठेवू नका. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आणि फुग्याच्या रिबिनी मूल जमिनीवर आणतं आणि मांजर गिळतं. आतड्यात दोरा अडकला की ऑपरेशनच.

मंगळवार_पेठ (कोल्हापूर)

अबोली, थांब. मनसोक्त खेळू देऊ नकोस. मी मनीवर लक्ष ठेवते असं म्हटलं ना, ते याचसाठी. तुमच्या घरात मला काजळची चिंता नाही, भोपळ्याची आहे.

काजळ पळून जाईल. पळता येतंय तोवर ती कुणाला बोचकारणार नाही. मांजराचा पहिला उपाय निसटणं, दुसरा लपणं, आणि पंजा सगळ्यात शेवटी. आपण तिची वाट अडवली नाही, कुणी तिला पलंगाखालून ओढून "बघ बघ माऊ" केलं नाही, तर तिच्याकडून भाच्याला काही होणार नाही. ती अशी आहे याला कारणही आहे. पिल्लाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या माणसांचे हात त्याला लागतात, ती माणसं त्याला आपली वाटतात. काजळ तुमच्याकडे आली तेव्हा ते दिवस सरून गेले होते. तिने ओळखीची दोन माणसं जोडली हेच पुष्कळ आहे, तिला आणखी जोडायला लावू नका.

भोपळ्याचे ते आठवडे मुलांत गेले. तो पळत नाही. म्हणून सगळे त्याला सोडून देतात, कुणीही उचलतं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. सोसणाऱ्या मांजराची सोसायची हद्द असते. ती जवळ आल्याचं ते सांगतही असतं, पण इतक्या हळू की गप्पा मारणाऱ्या माणसांना दिसत नाही. शेपटीचं टोक हलायला लागतं. कान बाजूला आडवे होतात. पाठीवरची कातडी थरथरते. ओठावरून जीभ फिरते, खायला समोर काही नसताना. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. अंग आखडतं, पण ते जागचं उठत नाही. हे सगळं होऊन गेल्यावर पंजा येतो आणि मग घरचे म्हणतात, "अचानक मारला, इतका गरीब होता!" अचानक काही झालेलं नसतं. त्या वेळी मुलाचा चेहरा मांजराच्या तोंडापाशी असतो, कारण गरीब मांजराला मुलं मिठी मारतात. काजळसारख्या मांजराचा ओरखडा लागलाच तर हाताला लागेल, भोपळ्याचा गालाला, डोळ्यापाशी. हे भीती घालायला लिहीत नाही. बालवाडीतल्या एका मुलाच्या पापणीवरचा ओरखडा मी पाहिलाय, आणि त्याच्या घरचं मांजर पेठेत सगळ्यात शांत म्हणून ओळखलं जायचं. त्यानंतर त्या मांजराला गोणीत घालून गावाबाहेर सोडून आले. त्या मांजराची त्यात काय चूक होती?

भोपळ्याला सोसायला लावू नका. तो उठून जात नसेल तर तू त्याला उठव. भाच्याला उचलू नकोस, त्याने रडारड होईल. भोपळ्याला खाऊच्या आवाजाने खोलीत बोलाव आणि दार लाव. दिवसातून दोन-तीन छोट्या भेटी पुरेत, आणि प्रत्येक वेळी एक मोठं माणूस हातभर अंतरावर, फोन बाजूला ठेवून. त्या वेळी स्वयंपाक करायचा नाही, फराळ तळायचा नाही. हे ज्या वेळी जमणार नसेल त्या वेळी मधलं दार बंद. मूल आणि मांजर यांची मैत्री व्हावी अशी अपेक्षाच धरू नका. आठवडाभराच्या पाहुण्याशी मैत्री करायला मांजराला वेळच मिळत नाही. दोघंही एकमेकांना न घाबरता एका घरात राहिली, तर ती फार चांगली भेट झाली.

काजळच्या खाण्याचं: माळ्यावर पाणी आणि कोरडं खाणं ठेव, रात्री भाचा झोपला की खोलीत ओलं दे. दिवसा खाल्लं नाही तर चालतं, रात्रीची वाटी रिकामी झाली की निर्धास्त हो. पूर्ण दिवस आणि रात्र उलटून काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना फोन कर. मांजराचं उपाशी राहणं यकृतावर येतं, जाड मांजराचं लवकर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोघांना खोलीत घे, खिडक्या लाव, पडदे ओढ, पंखा मोठा ठेव. त्या संध्याकाळी भेटवाभेटवी अजिबात नको.

आणि नणंदेला एक सांग. तिने भोपळ्याकडे बघून डोळे सावकाश मिटावेत, सावकाश उघडावेत. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये हे तपासून छापलं, अनोळखी माणसाने असं केलं तर मांजर त्याच्या हाताजवळ जास्त येतं. आईला मांजराशी हळू वागताना बघितलं की मूलही हळू होतं. दोन वर्षांचं मूल ऐकत नाही, पण बघून सगळं करतं.

अबोली

मंडळी, पाहुणे काल गेले. कसं झालं ते सांगायचं कबूल केलं होतं.

काजळ पहिले दोन दिवस माळ्यावरच. रात्री उतरून खायची, वाटी रोज रिकामी. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती हॉलमध्ये भाच्याच्या बुटात नाक घालून उभी. काकू, तुमची बाळी आठवली! नंतर दुपारी तो झोपला की फ्रिजवर येऊन बसायला लागली. एकदा तो जागा झाला, त्याने तिला पाहिलं आणि बोट दाखवून म्हणाला, "माऊ वर." नणंद म्हणाली, "हो, माऊ वर." एवढंच. काजळ उठून गेली नाही, तिथेच बसून राहिली. मला त्याचं किती समाधान वाटलं, ते मांजर पाळणाऱ्यांनाच कळेल.

भोपळ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः तसंच दिसलं. पहिल्याच दिवशी भाच्याने त्याच्या पाठीवर गाल टेकला. भोपळ्या स्वस्थ पडून होता, सगळे "किती गोड" म्हणत फोटो काढत होते. मी शेपटीकडे बघत होते. टोक हलत होतं आणि एक कान आडवा झाला होता. खाऊचा डबा वाजवला, तो ताडकन उठून खोलीत आला. दार लावलं तर सरळ खोक्यात जाऊन झोपला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. एवढा माणसाळलेला बोका! त्याला कंटाळा येतो हे आमच्या लक्षातच कधी आलं नव्हतं.

दाणा टाकायचा खेळ भाच्याला इतका आवडला की सकाळी उठल्या उठल्या "मामी, दाणा" सुरू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तो आपणहून मांडी घालून बसायला लागला. धावून जाणं पूर्ण थांबलं नाही, पण नणंदेनेच त्याला अडवून "माऊ येते" म्हणायचं हाती घेतलं, त्यामुळे माझ्यावर ताण आला नाही. एकदा त्याने शेपूट धरलीच. नणंदेने ओरडायच्या ऐवजी त्याच्या मनगटाखाली हात धरला आणि दुसऱ्या हातात बॉल दिला, मूठ आपोआप सुटली. हे तिचं तिलाच सुचलं. ओरखडा एकही नाही. लिलीचा गुच्छ खरंच आला होता, तो शेजारच्या काकूंकडे पोचवला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन्ही मांजरं पलंगाखाली होती, भाचाही फटाक्यांना घाबरून माझ्या कुशीत होता. त्या रात्री नवरा खोलीत मांजरांपाशी आणि मी हॉलमध्ये भाच्यापाशी, असे आम्ही वाटून घेतले.

आता नवा प्रश्न. नणंद घरी पोचल्यावर फोन करून म्हणते, याला एक पिल्लू घेऊन देते. काय सांगू?

मंगळवार_पेठ (कोल्हापूर)

वाचून फार बरं वाटलं. मनगटाखाली हात धरायची युक्ती बालवाडीच्या बाईंना शोभेल अशी आहे, नणंदेला माझ्याकडून शाबासकी सांग.

पिल्लू आत्ता नको म्हणावं. पिल्लाचं अंग एवढंसं असतं, मुलाच्या हातून पडलं किंवा आवळलं गेलं तर त्याची हाडं मोडतात, आणि पिल्लू खेळताना नखं आत घ्यायला शिकलेलं नसतं. त्यातून तिला घरी दिवसभर एकटीने दोघांना बघावं लागेल. मूल पाच-सहा वर्षांचं झालं, सांगितलेलं समजून हात आवरायला लागलं की मग बघावं. त्याआधी घ्यायचंच असेल तर मुलांच्या घरात वाढलेलं, दोन-तीन वर्षांचं, स्वभाव माहीत असलेलं मोठं मांजर घ्यावं. आपल्याकडे अशी मांजरं घर बदलताना लोक सोडून देतात, त्यांतलं एखादं मिळेल. आणि घरी आणण्याआधी तिने दोन-तीनदा जाऊन, मुलाला सोबत नेऊन, त्या मांजराला बघावं. मूल आल्यावर ते उठून जातं का, आणि गेल्यावर परत येतं का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. परत येणारं असेल तर घ्यावं.

खाडीकिनारा (ठाणे)

काकूंना अनुमोदन. फक्त नणंदेला सांगा, मांजर कुठलंही घेतलं तरी आधी दवाखाना, लस, जंताचं औषध, आणि पहिले काही दिवस वेगळी खोली. अबोली, भोपळ्याच्या लशीची पुढची तारीख कार्डावर लिहून घेतलीत ना?